बिनसहीची नोटीस

वैशाली,

तुझ्या शोकसभेत चार भाषणे झाली आणि चारही चुकीची होती. पहिले चालू असतानाच मी काठी आपटली. तेव्हा किशोरने, तुझ्या भावाने, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि कानाशी येऊन म्हणाला, "नाना, आजना दिन ऱ्हाऊ द्या." चौथ्या भाषणापर्यंत मी राहू दिले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात मी इतका निमूट कधी बसलो नव्हतो, हे तुझ्याइतके कोणाला पटणार?

आता किशोर तुझ्यावर एक पुस्तिका काढतो आहे. आपल्या गावात, ब्राह्मणपुरीत, ती घरोघर वाटली जाईल. मला म्हणाला, "नाना, दोन पानं तुमी लिखा. चांगलं चांगलं लिखा." मी त्याला सांगितले, की चांगले लिहीन की नाही याची खात्री देत नाही, खरे मात्र लिहीन. तुझा जन्म, तुझ्या पदव्या, पुण्याची नोकरी, शेवटचे दुखणे हे सर्व इतरांच्या लेखांत येईलच. मला दोन गोष्टींसाठी शाई खर्च करावयाची आहे. त्या चार वक्त्यांनी जे चुकविले ते दुरुस्त करणे ही एक. दुसरी अशी, की तुझ्या नावाला याच गावात एक डाग लागला आणि तो कोणी लावला हे तू जाईपर्यंत तुला कळले नाही. मला ते ठाऊक आहे. तो डाग पुसला गेल्याशिवाय ही पुस्तिका कोणाच्या हाती पडू नये, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम वक्त्यांचे पाहू. आपले पुढारी म्हणाले, "आपल्या वैशालीताईंनी परदेशी कंपन्यांचे कॉम्प्युटर फोडले." टाळ्या पडल्या. तू काही फोडले नाहीस, हे त्यांना कोण सांगणार? जे आधीच तडकलेले होते त्याची तड तू शोधलीस आणि ज्यांचे ते होते त्यांनाच नेऊन दाखविलीस. दुसरे गृहस्थ शाळेतले. ते म्हणाले, की तू व्हायरस मारायचीस. व्हायरस हा शब्द ऐकला की तू कपाळाला हात लावायचीस, तो हात मला त्या मंडपात दिसला. त्याच गृहस्थांनी पुढे सातबाऱ्याची उपमा सांगितली आणि ती तुझी म्हणून सांगितली. ती माझी आहे. तू पुण्याच्या कोणत्याशा सभेत ती वापरलीस तेव्हा "आमच्या गावचे एक तलाठी" एवढेच म्हणालीस, माझे नाव घेतले नाहीस, आणि त्यावरून मी आठ दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो. तिसरे तुझे मामा. त्यांच्या मते रात्रंदिवस त्या पडद्यापुढे बसल्याने तुझी प्रकृती ढासळली. साफ खोटे. दिवे लागले की तू यंत्रे आपल्या कामाला सोडून उठायचीस, पपईच्या बागेपर्यंत चालत जायचीस आणि नऊला झोपायचीस. दुखणे दुखण्याच्या मार्गाने आले.

चौथ्या भाषणाकडे मी नंतर येतो. त्याच्यासाठीच हा लेख आहे.

तुमच्या घराच्या मागल्या खोलीतली ती दोन यंत्रे आठवतात. पुण्याहून परतलीस तेव्हा गावाला वाटले, पोरीची नोकरी गेली. तू आईच्या गुडघेदुखीसाठी आली होतीस आणि काम बरोबर घेऊन आली होतीस, पण हे समजावून सांगण्याची तुला गरज वाटली नाही. ती यंत्रे दिवसभर ब्राउझरला वेडीवाकडी पाने खाऊ घालीत. अर्धवट चित्रे, उलटसुलट रकाने, उघडता उघडता मिटणाऱ्या खिडक्या. ब्राउझर म्हणजे ज्यातून आपण इंटरनेट पाहतो ती खिडकी, एवढे मला तोवर ठाऊक झाले होते. तासन्तास काही होत नसे. मग मध्येच एखाद्या पानावर ब्राउझर कोसळायचा, आणि तू ओट्यावर येऊन ओरडायचीस, "नाना, पडना!"

वहिनी, तुझी आई, ओट्यावर लाल मिरच्यांचे देठ खुडीत बसलेल्या असत. त्या मला म्हणायच्या, "दखा नाना, हाई पोर मशीन पडनं का हासस, चालनं का तोंड पाडस. हिले कोन करी घेई?"

"माय, तू तुन्हा मिरच्या खुड," तू म्हणायचीस. "मी मन्ह्या खुडस."

आणि खरोखर तेच करायचीस. ज्या पानाने ब्राउझर पडला त्या पानातली एक ओळ काढायची, पुन्हा चालवून पाहायचे. अजून पडतो? मग आणखी एक ओळ काढायची. हजार ओळींच्या पानातून शेवटी सात-आठ ओळी उरत, आणि दोष नेमका त्यांत असे. मी तीस वर्षे शहादा आणि तळोदा तालुक्यांत तलाठी होतो. भांडणाच्या शेताची मोजणी करताना बांधावरचे गवत उपटीत उपटीत मूळ दगडापर्यंत जावे लागते. तुझे काम पाहून मला प्रथमच वाटले, की कॉम्प्युटरवाल्यांतही कोणी काम करणारे माणूस असते. हे मी तुला बोलून दाखविले नाही. बोललो ते एवढेच, की "यंत्राला कसली चूक होणार? चुका माणसं करतात."

त्यावर तू मला अख्खी सकाळ दिलीस. मुलांना शिकविणाऱ्याचा तो सूर नव्हता, आणि म्हातारा म्हणून तू मला सोपेही करून सांगितले नाहीस. त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे. तू सांगितलेस, की पान उघडले म्हणजे ब्राउझर त्यातल्या प्रत्येक वस्तूला मेमरीत जागा देतो. चित्राला, बटणाला, लिहावयाच्या चौकटीला. वस्तू नाहीशी झाली की जागा मोकळी होते आणि दुसऱ्याला मिळते. परंतु प्रोग्रामच्या कुठल्या तरी कोपऱ्यात त्या जुन्या जागेचा पत्ता लिहिलेली एखादी चिठ्ठी राहून जाते. पुढे केव्हा तरी प्रोग्राम ती चिठ्ठी घेऊन तिथे जातो आणि आता जो कोणी बसला असेल त्यालाच जुना मालक समजून त्याचे ऐकतो. चोराचे कसब इतकेच, की जागा मोकळी झाल्यावर आणि चिठ्ठी बाहेर निघण्याआधी त्या जागी आपला माणूस बसवावयाचा. मग बँकेचे पान असो, सरकारी अर्ज असो, ब्राउझर त्या बसविलेल्या माणसाचा हुकूम पाळतो, आणि खुर्चीवर बसलेल्या आपल्याला काहीच कळत नाही. ज्या भाषेत हे ब्राउझर मुख्यतः लिहिलेले आहेत तिच्यात जागा घेणे आणि परत करणे हे लिहिणाऱ्याच्याच ध्यानावर सोपविलेले आहे, आणि ध्यान कधी तरी चुकतेच, असेही तू म्हणालीस.

मी म्हणालो, "हाई ते मी तीस वरीस देखं." शेत विकले, फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर नवे नाव चढले, पण जुना उतारा ट्रंकेत राहिला. दहा वर्षांनी तोच उतारा घेऊन गडी बँकेत उभा! तू खुर्चीवरून उठलीस. "नाना, हाईच! अगदी हाईच!" मग पडद्यावर यंत्राने दिलेला अहवाल दाखविलास. त्यात तीन भाग होते. ही जागा कोणी घेतली, कोणी परत केली, आणि परत केल्यानंतर कोणी हात लावला. मी चष्मा पुसून पाहिले. इंग्रजी मला फारसे वाचता आले नाही, पण मांडणी ओळखीची होती. असा नेटका फेरफार लिहिणारे कारकून मला सगळ्या नोकरीत दोनच भेटले.

"जुना उतारावाला लबाड ऱ्हास," मी म्हणालो.

"नही नाना," तू म्हणालीस. "चिठ्ठीना काही गुन्हा नही. तिले कोनी सांगंच नही."

या एका वाक्यावरून आपले पुढचे सगळे भांडण झाले. नोटीस कोणी द्यावयाची, केव्हा द्यावयाची.

गेल्या वर्षी मिरच्या वाळत घालण्याच्या दिवसांत तुला मोठा दोष सापडला. आधीच्यांसारखा नव्हता, हे तुझ्या चालण्यावरून कळले. तू ओरडली नाहीस. ओट्यावर येऊन बसलीस, वहिनींच्या सुपातली एक मिरची उचललीस आणि नुसती फिरवीत राहिलीस. मला इतकेच सांगितलेस, की हा दोष जवळजवळ सगळ्यांच्या फोनमध्ये आहे, ब्राउझर करणाऱ्यांना कळविले आहे, ते दुरुस्ती करीत आहेत, आणि ती सर्वांपर्यंत पोहोचेतो याबद्दल जाहीर बोलावयाचे नाही असा त्या कामाचा दंडक आहे. किशोरलाही जेवताना तू म्हणालीस, की ब्राउझरमध्ये मोठी गडबड निघाली आहे, अपडेट आले की लगेच घे. त्याच्यापलीकडे कोणाला शब्द नाही.

मी भडकलो. जमिनीच्या नोंदीत बदल करावयाचा तर चावडीवर पंधरा दिवसांची नोटीस लागते. ज्याचे हित गुंतले आहे त्याला कळविल्याशिवाय कागदाला हात लावावयाचा नाही, हा माझ्या नोकरीचा कणा. आणि इथे सगळे गाव उघडे पडलेले, पोरांच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज उघडे, आणि तू म्हणतेस गप्प राहा!

"नाना, मागला दारनी कडी तुटेल शे अशी दवंडी दिधी तं पयले कोन येई? घरधनी का चोर? चोरेसले भी कान ऱ्हातस."

"मंग घरधनीले दारमा आडवं पडाले तरी सांग!"

"तो आडवा पडीसन काय करी? कडी सुतारले बसाडनी शे. सुतार बसाडी दी, मंग मी सोता गावभर सांगसू."

"आनि तवलोंग?"

"तवलोंग मी झोपनार नही, नाना. तुमी झोपा."

ते तू हसत म्हणालीस, पण तुझी नजर उत्तरेला सातपुड्याकडे गेली होती. मग समजावून सांगितलेस. डोंगरातल्या गावांत नेटवर्क नाही. तिथला माणूस बाजाराच्या दिवशी जीपने तळोद्याला उतरतो, तेव्हा त्याच्या फोनला जग दिसते. दुरुस्ती शहरातल्या फोनला पहिल्या दिवशी मिळेल, त्याला तीन आठवड्यांनी. तोवर तोंड उघडले तर शहरे वाचतील आणि डोंगर लुटला जाईल. माझे उत्तर असे होते, की ज्याला शेवटी मिळणार त्याला तर सर्वांआधी सावध करावयास हवे. आपण दोघेही एकाच माणसासाठी भांडत होतो आणि एकमेकांचे ऐकत नव्हतो. त्या दिवशी मी चहा न घेता उठलो. वहिनी म्हणाल्या, "दोन्ही धल्ले एक जागे बसनात का अशेच व्हस." धल्ले म्हणजे म्हातारे, आणि तू चौतीस वर्षांची होतीस.

दुसऱ्या दिवशी मी तळोद्याला गेलो. शहाद्यात माझे अक्षर आणि माझे तोंड दोन्ही ओळखीचे, म्हणून तळोद्याला. तिथल्या एका टायपिंगच्या दुकानात मी एक नोटीस मजकूर सांगून टाईप करून घेतली. "सर्व ग्रामस्थांस कळविण्यात येते की, मोबाईल व संगणकावरील ब्राउझर तूर्त असुरक्षित असल्याचे समजते. सबब पुढील सूचना मिळेपर्यंत महत्त्वाचे व्यवहार त्यावरून करू नयेत." आणि वर, सरकारी पत्राला असतो तसा, संदर्भ: कुमारी वैशाली यांचे तोंडी निवेदन. खाली सही नाही. भर दुपारी, लोक जेवायला गेलेले असताना, मी ती ग्रामपंचायतीच्या फलकावर चिकटविली.

होय. ती मी लावली.

गावाने ती कशी वाचली हे तुला सांगावयाची गरज नाही, तू ते भोगलेस. ब्राउझर हा शब्द कोणाला कळला नाही. कळली दोनच: तुझे नाव आणि "असुरक्षित". संध्याकाळपर्यंत अर्थ पक्का झाला, की वैशालीच्या खोलीतल्या यंत्रांत काही तरी आहे. तू सकाळचे दोन तास गावाचे अर्ज भरून द्यायचीस, पीकविम्याचे, शिष्यवृत्तीचे, घरकुलाचे. तिसऱ्या दिवशी ओट्यावर कोणी नव्हते. शेजारची इंदूबाई तेवढी आली, तीही दारातच उभी राहिली. "ताई, तुन्हा मशीनमा काही शे म्हनतस. मन्हा पोरना अर्ज काढी टाक बरं त्यामाईन." एकाचा घरकुलाचा अर्ज कागद अपुरे म्हणून परत आला होता, त्याने तोही तुझ्या खात्यावर टाकला.

आणि तू काय केलेस? स्वतःला निर्दोष ठरविण्याइतके दोन शब्द तुझ्यापाशी होते. दोष माझ्या यंत्रांत नाही, तुमच्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे, अमुक ठिकाणी आहे, हे तू सांगू शकत होतीस. विचारील त्याला तू एकच उत्तर दिलेस, "थोडा दिन थांबा, मंग सांगसू." जो माणूस थांबा म्हणतो त्याच्यापाशी लपविण्यासारखे काही असते, असे गाव समजते. ती नोटीस तू फाडलीसुद्धा नाहीस. फाडली असती तर का फाडली हे सांगावे लागले असते. वाऱ्यापावसाने ती निघेपर्यंत तुझे नाव त्या फलकावर होते, आणि मी रोज तिथून जात होतो.

तू माझ्याकडे आलीस तो दिवस लिहितो. "नाना, नोटीस कोनी लायी, तुमले माहीत शे का? भाषा तं सरकारी शे."

"सरकारी भाषा आते कोनीभी लिखस," मी म्हणालो.

तू मान हलविलीस. "किशोरच ऱ्हाई. त्याना पोटमा काही ऱ्हात नही. सोसायटीना कारकूनले सांगं व्हई, त्यानी लिखी दिधं व्हई."

त्या क्षणी मी बोललो असतो तर सगळे तिथेच संपले असते. मी म्हणालो, "व्हई." तेवढा एक शब्द. त्या शब्दावर तू तुझ्या भावाशी सहा महिने बोलली नाहीस. किशोर देवाची शपथ घेत होता, वहिनी रडत होत्या, आणि मी तुमच्या ओट्यावर बसून तुम्हा भावंडांत समेट घडवीत होतो. पुढे तू आजारी पडलीस, तेव्हा किशोरनेच तुझे सर्व केले. दवाखाने, गाडी, पथ्य, सगळे. तुम्ही बोलू लागलात. परंतु त्या कागदाविषयी तू त्याच्यावर शेवटपर्यंत विश्वास ठेवला नाहीस, हे त्याने मला तुझ्या दहाव्याच्या दिवशी नदीवर सांगितले. "नाना, मी नही लायी व्हती," तो म्हणाला. माझ्याकडे पाहून. मी त्याचाही हात थोपटला.

दुरुस्ती आली तो दिवस माझ्या आठवणीत राहील असा तू केलास. सकाळीच निघालीस. ज्या दारांनी तुझ्याकडे पाठ फिरविली होती त्याच दारांत उभी राहून फोन मागत गेलीस. काहींनी दिले, काहींनी नाहीत; दोष सगळ्यांच्याच फोनमध्ये होता हे तू आता उघड सांगत होतीस, पण गावाचा अर्थ केव्हाच पक्का झाला होता. एका घराने तू ओट्यावर असताना दार लावून घेतले, तर तू बाहेरूनच अपडेट कसे घ्यावे ते मोठ्याने सांगितलेस आणि पुढच्या घरी गेलीस. बाजाराच्या दिवशी तळोद्याला मला बरोबर नेलेस, म्हणालीस, "तुमना तोंडवर लोकेसना इस्वास शे." आपण डोंगरात जाणाऱ्या जीपांपाशी उभे राहिलो. मिठाच्या पुड्या आणि पत्र्याची घमेली यांच्यामध्ये बसलेल्या माणसांचे फोन तू एकेक करून हातात घेतलेस. एका म्हातारीने तिच्या बोलीत विचारले, की यातले नातवाचे फोटो उडणार तर नाहीत? तू मोडक्यातोडक्या पावरी बोलीत तिला काही उत्तर दिलेस आणि ती इतकी हसली, की जीपवाल्याने भोंगा वाजवायचा थांबविला. तू काय म्हणालीस ते मी विचारले. "मी म्हननू, उडनात तं ह्या बाबाले धरा." आणि माझ्याकडे बोट दाखविलेस. वैशाली, त्या जीपपाशी तुला सांगावे असे मनात आले होते. जीप सुटली, दुसरी लागली, आणि मी फोन धरून उभा राहिलो.

आपले भांडण मात्र मी हरलेलो नाही. आजही माझे मत आहे, की गप्प राहून माणसे राखता येत नाहीत. तुझे गप्प राहणे मी जवळून पाहिले आणि त्याची किंमत तू एकटीने दिलीस. पण तुझ्या दंडकाने डोंगरातला फोन वाचला असेल आणि माझ्या नोटिशीने कोणाचे काहीच वाचले नाही, हेही मी मान्य करतो. याहून अधिक मान्य करून घ्यावयास तू हवी होतीस.

आता चौथे भाषण. ते गृहस्थ म्हणाले, "मध्यंतरी वैशालीबद्दल गावाच्या काही तक्रारी होत्या. पण गेलेल्या माणसाचे काही मनात ठेवावयाचे नसते. गावाने तिला माफ केले आहे." माना हलल्या. किशोरने खाली पाहिले. मी उभा राहिलो. सगळ्यांना वाटले आता नाना बोलणार, आणि मी म्हणालो, "तिनी कंपनीचे कॉम्प्युटर फोडले नव्हते, हे लक्षात घ्या," आणि खाली बसलो. गाव तुला क्षमा करीत होते, आणि मी पहिल्या वक्त्याची तांत्रिक चूक दुरुस्त करीत होतो.

म्हणून हा लेख. तो इथपर्यंत लिहून झाल्यावर मी काल दुपारी तुमच्या घरी गेलो. छापण्याआधी तो ज्यांना ऐकण्याचा हक्क आहे त्यांना वाचून दाखविणे भाग होते. वहिनी आणि किशोर समोर बसले. मी पहिल्या अक्षरापासून वाचले. "ती मी लावली" इथे किशोर उठला, बाहेर गेला, मोटारसायकल सुरू केली. ती बराच वेळ जागीच गुरगुरत राहिली. मग त्याने ती बंद केली, आत आला आणि पुन्हा त्याच जागी बसला. मी पुढे वाचले. शेवटी एक परिच्छेद होता, तो आता मी काढून टाकला आहे. त्यात मी लिहिले होते, की सही न करण्याचे कारण असे की निवृत्त माणसाला सरकारी फलकावर सही करण्याचा अधिकार नसतो, आणि संदर्भात तुझे नाव घातले ती केवळ कार्यालयीन सवय. माहिती ज्याची, त्याचे नाव वर.

मग वहिनींनी विचारले, "नाना, त्या कागदवर तिन्हं नाव व्हतं. तुमनं का नही?"

मी म्हणालो, आत्ताच वाचले ना, अधिकार नव्हता.

"ते मी ऐकं. मी इचारी ऱ्हायनू, का नही?"

इचारी ऱ्हायनू. विचारते आहे. त्या तशाच पाहत राहिल्या. मी तलाठी असताना खोट्या जबाबाचे माणूस पुढे आले की मीही असेच करीत असे. काही बोलायचे नाही, पुन्हा तोच प्रश्न विचारायचा. मी कागद घडी केला, उलगडला. मग खरे उत्तर सांगितले. मला त्या विषयातले काही कळत नव्हते. नोटीस चुकीची ठरली असती तर गाव हसले असते, की नाना आता कॉम्प्युटरही शिकवायला लागले. ते हसणे तुझ्यावर जावे, माझ्यावर येऊ नये, म्हणून वर तुझे नाव आणि खाली कोणाचेच नाही. सवय नव्हे. अधिकारही नव्हे. किशोरच्या डोळ्यांत पाहून मी एवढेच म्हणू शकलो, "मी भ्यालो होतो."

किशोरने कागद माझ्या हातातून घेतला. मग म्हणाला, "छापसू. एक अक्षर बदलनार नही."

वहिनी म्हणाल्या, "हाई भी लिखा."

म्हणून लिहितो. वैशाली, मी भ्यालो होतो.